खळ प्यालेला चेंडू

मी चेंडू होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण आज मला पाहिलंत तर तुमचा विश्वास बसणार नाही. पण म्हसवडच्या माळापासून कृष्णाकाठच्या काळ्या रानापर्यंत मी जेवढे टोले खाल्ले, तेवढे फार थोड्यांनी खाल्ले असतील. आणि खरं सांगू? मला ते आवडायचे. मार खायला आवडतो असं उघड सांगणारा जगात बहुधा चेंडूच.

माझा जन्म म्हसवडजवळच्या एका धनगरवाडीत झाला. तेव्हा मोठी लढाई चालू होती. दिव्याला रॉकेल मिळत नव्हतं आणि खालच्या अंगाची तरणी माणसं पलटणीत भरती झाली होती. आमच्या वाडीत मात्र लढाईपेक्षा पावसाची चर्चा जास्त, कारण तो दरवर्षीप्रमाणे रुसलेला होता.

माझी एक आई म्हणजे काळी मेंढी आणि दुसरी धोंडुबाई. ही धुळा धनगराची बायको. तिचा हात कधी रिकामा दिसायचा नाही. मेंढरांमागं चालता चालता टकळी फिरवायची, भांडता भांडता फिरवायची, आणि भांडण रंगलं की सूत जास्तच बारीक निघायचं.

धुळाला एक वाईट खोड होती. काठी हातात आणि समोर दगड दिसला, की टोला हाणल्याशिवाय त्याचं पाऊल पुढं पडत नसे. एकदा असाच एक दगड उडाला आणि कळपातल्या बालिंग्याच्या, म्हणजे थोरल्या मेंढ्याच्या, शिंगावर खणकन बसला. बोटभर इकडे बसता तर डोळा गेला असता. धोंडुबाईनं टकळी खाली ठेवली. ही फार गंभीर गोष्ट होती.

त्याच आठवड्यात तिनं धुळाकडून पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची एक गोटी तासून घेतली आणि तिच्याभोवती काळ्या लोकरीचं सूत गुंडाळायला लागली. ओढून, दाबून, दाताखाली धरून. शेवटी वरून टाके घातले आणि मला नवऱ्यापुढं टाकलं.

"आवं, घ्या ह्यो. काय बडवायचं त्ये ह्येला बडवा. माज्या मेंढरास्नी दगूड लागला, तर तुमची काठी चुलीत घालीन."

असा मी जन्माला आलो.

पहिला टोला मला अजून आठवतो. टोला बसतो म्हणजे नेमकं काय होतं, ते माणसांना बाहेरून दिसत नाही. मी आतून सांगतो. काठी येऊन टेकते, तेव्हा मी लगेच उडत नाही. आधी एका बाजूनं चेपतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत संपणारा तो वेळ, पण तेवढ्या वेळात मी काठीला चिकटलेला असतो आणि ती मला ढकलत असते. किती जोरानं ढकलते आणि किती वेळ ढकलते, यावर माझं सगळं नशीब ठरतं. त्यानंतर मी सुटलो, की मागं कुणी कितीही ओरडलं, हात उडवले, तरी उपयोग नाही. माणसं मात्र चेंडू सुटल्यावरच जास्त जोर लावतात. तोंडानं.

धुळा अंगानं काडी. पण त्याचे टोले लांब जायचे, कारण मी भेटलो म्हणून त्याची काठी थांबायची नाही. ती मला घेऊन पुढं जायची आणि मगच सोडायची. त्याचे सोबती चांगले दांडगे होते, पण काठी मला टेकली की त्यांचा हात आखडायचा. आवाज मोठा व्हायचा आणि मी जवळच पडायचो. मला मोठ्या आवाजाचं कौतुक कधीच वाटलं नाही.

आणखी एक गोष्ट मला तेव्हाच कळली. पहाटेचं दव पडलं, की मी पाणी प्यायचो आणि सुस्त व्हायचो. तोच धुळा, तीच काठी, तोच झपाटा. पण मला जागचं हलायलाच नको वाटायचं. ऊन लागून वाळलो, की त्याच टोल्याला मी पाखरासारखा उठायचो. जोर तेवढाच, पण अंगात जडपणा असेल तर वेग येत नाही. पुस्तकात याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. मला हे अंगावरून कळलं.

दिवाळी झाली, की आमचा कळप माणदेशातून खाली उतरायचा. वर गवत संपलेलं असायचं आणि खाली कृष्णाकाठी ऊस, पाणी, गुऱ्हाळांचा वास. पहिल्याच वर्षी धुळा घोंगडी विकायला सांगलीला गेला आणि मला त्याच पोत्यात घेऊन गेला. ते पोतं एका अडत्याच्या हळदीवर पडलं. झालं! माझी एक बाजू कायमची पिवळी झाली. धोंडुबाईनं नवऱ्याला ताशेरे झाडले, पण त्यामुळे मी उडताना कसा गिरक्या घेतो ते लोकांना लांबून दिसायला लागलं. मी जरा दिसायला बराही झालो असं मला वाटतं.

खाली कृष्णाकाठी एक गाव आहे. नाव सांगत नाही, नाहीतर तिथल्या दोन घरांत परत वाद सुरू व्हायचा. आमचा मुक्काम दरवर्षी त्या गावच्या माळावर पडायचा. मेंढरं रात्रभर रानात बसवली, की त्यांच्या लेंड्यांनी आणि मुतानं रान असं खतावतं, की दुसऱ्या कुठल्या खताचं नाव काढायला नको. शेतकरी त्या बदल्यात धनगराला जोंधळे देतो. पण आमचा मुक्काम थोडा. पुढं तासगावच्या बाजूला धुळानं शब्द दिलेला असायचा. म्हणून उसाच्या लागणीआधी मेंढरं एकाच्याच रानात बसू शकत.

माळाला लागून दोन रानं होती, एकमेकांच्या शेजारी. एक नाथाजीचं आणि एक त्याच्या चुलत भावाचं, कृष्णाताचं. मेंढरं कुणाच्या रानात बसवायची यावरून त्या दोघांच्या बापांनी एकदा डोकी फोडून घेतली होती. तेव्हा गावानं तोड काढली. टोला मारायचा. ज्याचं रान त्यानंच मारायचा, टोला एकच, आणि ज्याचा लांब जाईल त्याच्या रानात मेंढरं. चेंडू धनगराचा आणि शेवटचा शब्दही धनगराचा. म्हणजे खरं तर धोंडुबाईचा, पण तसं कुणी बोलून दाखवत नसे.

मी जाऊ लागलो त्या वर्षांत नाथाजीच जिंकायचा, कारण समोर कुणी नसायचंच. कृष्णात पलटणीत होता, तोफखान्यात. घरी त्याची म्हातारी आई बनुबाई एकटी. तिनं रान अर्धलीनं, म्हणजे निम्म्या वाट्यानं, दिलं होतं. करणाऱ्यानं दर साल पीक काढून घेतलं आणि मातीत घातलं काहीच नाही. ते रान बघवत नव्हतं. नाथाजीचा टोला झाला, की बनुबाई बांधावरून म्हणायची, "माजा कृष्णात असता, तर चेंडू नदीत पडला असता."

नाथाजी हसायचा. तो मनानं चांगला होता. तालमीत घुमलेलं अंग, मान कुठं संपते आणि खांदा कुठं सुरू होतो ते कळू नये असा गडी. "मग येऊ दे की त्येला काकी," म्हणायचा. "मला तरी दर साली एकट्यानं जिकून काय गोडी हाय?"

मला कृष्णाताचा टोला खायची फार उत्सुकता लागली होती.

लढाई संपली. त्याच्या पुढच्या वर्षी मार्गशीर्षात आम्ही त्या माळावर उतरलो, तर बातमी कळली की कृष्णात परत आला आहे. पण परदेशात कुठेतरी चिखलातून तोफ ओढताना ती घसरली, चाक त्याच्या अंगावर आलं आणि उजवा खांदा निकामी झाला. हात छातीच्या वर जात नव्हता. तो कुणात मिसळत नव्हता. यंदा रान स्वतः करायचं आणि ऊस लावायचा, एवढंच त्यानं आईला सांगितलं होतं. पण खंगलेल्या रानात ऊस येणार कसा? मेंढरं बसली तरच काही आशा. आणि मेंढरं हवी तर टोला मारायला हवा, तोही त्यानंच.

"मी येत न्हाई," असं त्यानं सांगून टाकलं होतं. "जमणार न्हाई त्ये चारचौघांत कशाला दावायचं?"

आता धोंडुबाईची करामत ऐका. कृष्णात काहीही म्हणो, यंदा दोन्ही भाऊ टोल्याला उतरणार आणि सगळं गाव बघायला येणार, असं तिनं धरलं होतं. माझ्याकडं बघून तिला लाज वाटली. धुळानं मला बडवून बडवून पार झिपऱ्या केलं होतं. तिनं माझ्यावर नवं सूत चढवलं, आणि तेवढ्यानं समाधान होईना म्हणून मला खळ पाजली.

म्हसवडचा सणगर घोंगडी विणून तिला चिंचोक्याची खळ देतो, ते तिनं जन्मभर पाहिलेलं. खळीनं घोंगडं कसं कडक होतं, ताठ राहतं. तिला वाटलं, चेंडूचंही तसंच होईल. चिंचोके भाजून, भरडून, शिजवून तिनं चांगली घट्ट खळ केली आणि संध्याकाळी मला तीत बुचकळून दाबून दाबून आतपर्यंत मुरवली. मग दगडावर वाळत ठेवलं.

पण घोंगडं पसरून वाळवतात. मी गोल! मला कोण पसरणार? सकाळपर्यंत माझी वरची साल वाळून करकरीत झाली आणि आत सगळा चिखल. त्यात वरून दव. दिसायला मी नव्या नवरदेवासारखा होतो आणि पोटात मात्र गच्च.

"बगा कसा दिसतोय!" धोंडुबाई म्हणाली. धुळानं मला उचललं आणि जरा दचकला. पण बायकोसमोर बोलून कोण फसेल?

नाथाजी उजाडताच हजर. त्यानं बाभळीचा सोटा आणला होता, जो गावात त्याच्याशिवाय कुणाला नीट पेलत नसे. गाव जमलं. बनुबाई एकटीच बांधावर उभी होती, तोंड लहान करून.

"कृष्णात?" नाथाजीनं विचारलं.

"येतोय, येतोय. तू मार तुजा," ती म्हणाली.

नाथाजीनं दोन्ही हातांनी सोटा उचलला. आता, एवढा जड सोटा असला की त्यालाही वेग यायला वेळ लागतो. तो येताना मला चांगला दिसला, इतका सावकाश. टेकला तेव्हा जोर भयंकर होता, नाही म्हणत नाही. पण माझं अंग दगडासारखं जड. फच्च असा आवाज झाला, सालीतून खळ बाहेर आली आणि मी कुरकुरत उठलो. माळावरच्या बोरीपाशी गेलो आणि बसलो.

दर साली मी बोरीच्या कितीतरी पुढं जायचो. नाथाजीनं स्वतःच्या हाताकडं पाहिलं. मग म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. बोरीच्या पुडं आज दुसरं कोन जातंय?"

खरंच, कोण जाणार होतं? लोकांनी बनुबाईकडं पाहिलं. म्हातारीनं पदर खोचला.

"माज्या रानाचा टोला हाय न्हवं? मग मी मारती!"

"काकी, आवं आसं काय करता!" नाथाजी गडबडला. पण ती तरातरा घराकडं निघालीसुद्धा. "हत्यार घिऊन येती," असं सांगून गेली.

ती लवकर आली नाही. मला परत आणून धुळानं दगडावर ठेवलं आणि ऊन चढत गेलं. साल आधीच फुटली होती, त्यामुळे वारा आत शिरायला लागला. आतला चिखल आटत गेला. मला हळूहळू हलकं वाटायला लागलं. लोक दातण चावत, तंबाखू मळत, कोण खरं कोण खोटं यावर बोलत बसले. माणसांना वाट बघायला लावा, ती आपोआप कुणाची तरी बदनामी सुरू करतात.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा बनुबाई दिसली. खांद्यावर मुसळ! आणि तिच्या मागं पाच-पन्नास पावलांवर, मान खाली घालून, पलटणीचा खाकी सदरा घातलेला कृष्णात. घरात काय बोलाचाली झाली ते मला ठाऊक नाही, पण आई मुसळ घेऊन चारचौघांत उभी राहणार म्हटल्यावर कुठला मुलगा घरात बसेल?

"आये, त्ये मुसाळ खाली ठिव," तो हळूच म्हणाला. "मारतो मी."

नाथाजीनं आपला सोटा पुढं केला. कृष्णातानं तो उजव्या हातानं उचलायचा प्रयत्न केला आणि त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. त्यानं सोटा खाली ठेवला. मग तो धुळाकडं वळला.

"तुजी काठी दे."

धुळाची काठी म्हणजे लांब, बारीक आणि हलकी. लोक हसले. नाथाजीही हसला. "कृष्णाता, त्या काठीनं मेंढरं हाकत्यात गड्या."

"मलाबी मेंढरंच न्यायची हाईत," कृष्णात म्हणाला.

तो माझ्यासमोर उभा राहिला. खांदा वर जाणार नव्हता, म्हणून त्यानं काठी खालूनच, गुडघ्याच्या उंचीवरून मागं नेली. मग पाय रोवून कमरेतूनच वळला. सगळं अंग वळलं आणि हात नुसते त्याच्या मागं आले. काठी लांब होती, म्हणून तिचं टोक फार मोठा फेरा घेऊन आलं, आणि हलकी होती म्हणून वाटेत कुठं अडखळलं नाही. मला काठी आलेली दिसलीच नाही. सूं असा आवाज तेवढा ऐकू आला.

टेकली. मी चेपलो. ती थांबली नाही, मला घेऊन पुढं आली आणि मग सोडलं.

आहाहा! इतके दिवस ज्याची वाट पाहिली तो हाच टोला. मी वाळलेला, कडक, हलका. खालून मिळालेली उभारी. पिवळी बाजू गरागरा फिरत होती. बोर खाली गेली. बोरीच्या पुढचा खड्डा गेला. मी हद्दीच्या दगडापाशी टप्पा घेतला आणि दगडाला टेकून थांबलो.

माळावर एकच कालवा झाला. बनुबाईनं मुसळ फेकून दिलं आणि जवळ उभ्या असलेल्या धोंडुबाईचे हात धरून फुगडी घालायला लागली. दोघींचं वय मिळून किती झालं असतं कोण जाणे.

मला आणायला कृष्णात स्वतः आला. हसत होता. इतक्या दिवसांनी हसत होता, की ते त्याच्या चेहऱ्यालाच नीट जमत नव्हतं. त्यानं मला उचललं, हातात तोललं आणि हसू जरा थांबलं. त्यानं मला दाबून पाहिलं. कानाशी नेऊन हलवलं. मग परत येताना बोरीपाशी थांबला. सकाळी मी जिथं पडलो होतो तिथल्या मातीनं चिकटून पापुद्रा धरला होता. तो त्यानं नखानं उचलून पाहिला. माळावर आल्यावर त्यानं नाथाजीच्या सोट्याला बोट लावलं. बोटाला खळ लागली.

मी त्याच्या मुठीत होतो. लोक त्याची पाठ थोपटत होते आणि त्याचा तळहात घामानं ओला झाला होता. समोर त्याचं खंगलेलं रान दिसत होतं. धुळा मेंढरांची वाघर, म्हणजे रानाभोवती लावायची जाळी, खांद्यावर घेऊन त्या रानाकडं निघालासुद्धा होता. एक शब्द बोलला नसता, तर कुणाला काही कळलं नसतं. मला बोलता येत नाही, आणि धोंडुबाईला आपली चूक माहीतच नव्हती.

"धुळा, थांब," कृष्णात म्हणाला. "नाथाजीनं मारला तवा चेंडू वल्ला हुता. आता वाळलाय. ह्यो न्याय न्हाई. त्येला परत मारू द्या."

बनुबाईची फुगडी थांबली. "कृष्णाता! गप बस की रं!"

"आये, ऐक. तोफंत दारू तेवडीच घातली आन् गोळा जड आला, तर त्यो अलीकडंच पडतोय. त्यात तोफंची काय चूक? नाथाजीची तोफ चांगलीच हाय."

नाथाजीचा चेहरा लाल झाला. "मला तुजी भीक नगं हाय."

"भीक न्हाई रं गड्या. तुजा टोला मारायचा ऱ्हायलाय अजून."

धोंडुबाईनं मला ओढून घेतलं, हुंगलं, सोट्याला लागलेली खळ पाहिली आणि कपाळाला हात लावला. "सत्यानास! खळ मीच दिलीया. वाळंल वाटलं मला." मग तिनंच मला दगडावर ठेवलं. "मार रं बाबा नाथाजी. फोडलास तरी चालंल."

तिनं हे बोलायला नको होतं.

नाथाजीनं सोटा उचलला. आता त्याच्या मनात राग होता, लाज होती आणि सकाळचा अपमानही होता. बनुबाईनं डोळे मिटून घेतले. कृष्णात मात्र सरळ बघत होता. सोटा आला तो सकाळच्या दुप्पट जोरानं, आणि मी आता कोरडा, हलका आणि वरून पापडासारखा कडक. फाडकन आवाज झाला.

मी फुटलो.

साल तडकली, टाके उसवले, सुताचं एक टोक सोट्याच्या गाठीत अडकलं आणि पोटातली पांगाऱ्याची गोटी बंदुकीच्या गोळीसारखी बाहेर पडली. ती एवढीशी, तिला धरायला वाऱ्याला जागाच नव्हती. बोर, खड्डा, हद्दीचा दगड सगळं ओलांडून ती कुठल्या कुठं गेली. लोकर मात्र गिरक्या घेत, उलगडत उलगडत चालली. फुललेल्या लोकरीला वारा लगेच पकडतो. ती बोरीवर जाऊन अडकली. सोट्यापासून बोरीपर्यंत काळ्या सुताची एक लांबलचक रेघ माळावर पडली.

त्या वेळी माझी काय अवस्था झाली म्हणून सांगू! मी गोटीबरोबर गेलो की लोकरीबरोबर राहिलो, माझं मलाच कळेना. अर्धा गेलो म्हणावं तर दुखत नव्हतं.

"जिकला! गोटी दगडाच्या पुडं गेली!" नाथाजीकडची माणसं ओरडली.

"गोटी म्हंजे काय चेंडू व्हय?" बनुबाईनं डोळे उघडले. "चेंडू बोरीवर हाय, दिसत न्हाई का?"

मग जो गोंधळ उडाला तो विचारू नका. शेवटी सगळे धुळाकडं वळले आणि धुळा नेहमीप्रमाणे बायकोकडं वळला. धोंडुबाई सुताच्या रेघेकडं बघत उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं की हसू, मला लांबून कळलं नाही. मी तर बोरीवर होतो. किंवा पलीकडं.

"माज्या मेंढरानं काय दिलं, लोकर का लाकूड?" तिनं विचारलं.

मग तिनंच पुढं सांगितलं.

"लाकूड झाडाचं हाय. झाडाच्या लेंड्या हव्या असतील, तर गोटी मोजा. मेंढरं हवी असतील, तर लोकर मोजा. चेंडू बोरीवर हाय."

पहिल्यांदा जो हसला तो नाथाजी. असा हसला, की सोटा हातातून सुटला. "धोंडुबाई, आमी हारलो! झाडाच्या लेंड्या कुटनं आणू?"

आणि मला कळलं, की मी लोकर आहे. इतके दिवस मलाच ठाऊक नव्हतं.

मग नाथाजीनं माळावरचं सूत स्वतः गोळा केलं. कुस्तीतले ते हात लोकर गुंडाळत बोरीपर्यंत गेले. मागून धोंडुबाई चालत होती आणि "सावकाश, तुटंल!" म्हणून त्याच्यावर खेकसत होती. धुळाची वाघर त्यानंच कृष्णाताच्या रानात नेऊन लावली. संध्याकाळी मेंढरं आत शिरली तेव्हा कृष्णात बांधावर बसून नुसता बघत होता. बनुबाई त्याच्याशी बोलत नव्हती. पण त्याची भाकर तिनं बांधावर आणून दिली, आणि वर गुळाचा खडा होता.

निघताना धुळानं कळप नाथाजीच्या रानातून नेला आणि इतका सावकाश नेला, की एक वळण घ्यायला भर दुपार गेली. मेंढरं बसली, रवंथ केला, उठली. नाथाजी कौतुकानं बघत राहिला. कुणी काही विचारलं नाही.

माझं सूत धोंडुबाईनं धुतलं, पण हळद काही गेली नाही. म्हसवडला गेल्यावर तिनं ते सणगराला दिलं आणि सांगितलं, की ह्याचा काठ करायचा. सणगरानं मला घोंगडीच्या काठात विणलं आणि पुन्हा खळ दिली. या वेळी मी पसरलेला होतो, म्हणून नीट वाळलो.

पुढच्या मार्गशीर्षात आम्ही परत त्या माळावर उतरलो. कृष्णाताच्या रानात ऊस डोक्याच्या वर गेला होता. धोंडुबाईनं घोंगडी त्याच्या उजव्या खांद्यावर टाकली. "थंडीत दुकत आसंल," एवढंच म्हणाली. त्यानं काठावरून बोट फिरवलं, पिवळे धागे पाहिले आणि मला ओळखलं.

तेव्हापासून मी त्याच खांद्यावर आहे. मला आता टोला बसत नाही आणि कधीकधी त्याची आठवण येते, लपवत नाही. धोंडुबाईनं नवा चेंडू केला आहे. पोरगं चुणचुणीत आहे, पण जरा बडबडं वाटतं. त्याला खळ देत नाहीत, हे सांगायला नको.

माळावर एक नवी रीतही पडली आहे. टोल्याआधी चेंडू आपल्या हातात ठेवायचा नाही, समोरच्याच्या हातात द्यायचा. त्यानं तो दाबायचा, तोलायचा आणि सांगायचं. मगच मारायचा. ही रीत कुणी काढली ते विचारलं, तर नाथाजी कृष्णाताचं नाव सांगतो आणि कृष्णात नाथाजीचं. माझं नाव कुणीच घेत नाही. नाही तर नाही. माझं तुमच्याकडंही एवढंच मागणं आहे, की कुणाशी टोला लावायचा झाला, तर चेंडू आधी त्याच्या हातात द्या.

यंदाही नाथाजीनं चेंडू पुढं केला. थंडी कडाक्याची होती. कृष्णातानं तो हातात घेतला, मला खांद्यावर सावरलं आणि चेंडू दाबून पाहिला.

"वाळलाय," तो म्हणाला. "मार."

नाथाजीची काठी फिरली आणि माझ्याखालचा खांदाही आपोआप तिच्याबरोबर थोडा वळला. तो दुखत असणार. मी त्याला घट्ट धरून बसलो.